मुसख्खनची कुळकथा

राजाच्या मुदपाकखान्यात जन्मलेल्या पक्वान्नाची वंशावळ लावणे फारसे कठीण नसते, कारण तेथे दप्तर असते, कारकून असतो आणि बल्लवाच्या हातखर्चाचाही हिशेब कोठेतरी टिपलेला असतो. परंतु पॅलेस्टाईनच्या उत्तरेकडील जेनीन आणि तुलकरम या मुलखांत शेतकरी स्त्रियांच्या हाती जे घडले, आणि ज्याला आज सारे पॅलेस्टिनी आपले राष्ट्रीय अन्न मानतात, त्या मुसख्खनची सनद कोणत्याही दरबाराने दिलेली नाही. तेलात भिजलेली रोटी, तिच्यावर तेलातच मऊ शिजवून सुमाकने लालसर केलेला कांदा, आणि त्यावर भाजलेली कोंबडी एवढाच ज्याचा संसार, त्या अन्नाचे कुळ शोधावयाचे तर भट्टीपासूनच आरंभ केला पाहिजे.

ही भट्टी म्हणजे ताबून. आपल्या परिचयाच्या तंदुरात विस्तव पोटात असतो आणि रोटी भिंतीला चिकटते. ताबूनची रीत याच्या नेमकी उलट आहे. मातीत भुसा कालवून, हातांनी थापून आणि उन्हात वाळवून स्त्रिया वर तोंड असलेले एक बुटके, घुमटाकार पात्र घडवीत. त्याच्या तळाशी गुळगुळीत खडे पसरीत. आणि तोंडावर झाकण ठेवून त्याच्या सभोवती गोवऱ्या व तेल काढून उरलेली ऑलिव्हची पेंड रचून ती धुमसत ठेवीत, म्हणजे धग बाहेरून आत मुरे. त्या तप्त खड्यांवर टाकलेल्या रोटीला खालून खळगे पडत, आणि पुढे तेल धरून ठेवण्याचे काम तेच खळगे करीत. गुस्ताफ डालमान या जर्मन पंडिताने पॅलेस्टाईनच्या ग्रामीण जीवनावर 1928 ते 1942 या काळात जे सात खंड प्रसिद्ध केले, त्यांतील 1935 चा चौथा खंड केवळ रोटी, तेल आणि मद्य यांना वाहिलेला आहे. त्या भूमीच्या अन्नव्यवहारात पहिल्या दोहोंची योग्यता काय होती, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

तेलाची वहिवाट तर इतिहासाच्याही पलीकडची. हैफानजीक आज समुद्राखाली असलेल्या कफर समीर या प्राचीन वस्तीत ऑलिव्ह चिरडून तेल काढल्याच्या ज्या खुणा सापडल्या, त्या साडेसहा हजार वर्षांहून जुन्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळांची तोडणी होऊन घाण्यावरून नवे तेल घरी येते, तेव्हा ते हिरवट, दाट आणि घशाला किंचित झोंबणारे असते. त्याचा कस लावण्यास गरम रोटीसारखे साधन नाही, आणि म्हणूनच मुसख्खन हे प्राधान्येकरून सुगीचे अन्न ठरले.

कांद्याचे घराणेही काही सामान्य नव्हे. याच किनाऱ्यावरील अश्कलोनची भूमी कांद्यासाठी उत्तम असल्याचा दाखला स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दिला आहे. सुमाक म्हणजे डोंगरउतारावरील एका झुडपाची वाळवून कुटलेली तांबडी फळे. लिंबू पूर्वेकडून त्या देशी पोहोचण्यापूर्वीपासून आंबटपणासाठी तेथील लोक त्यावर विसंबत, आणि कोकणच्या स्वयंपाकात आमसुलाला जे स्थान, तेच त्याला तेथे आहे. कोंबडी मात्र मूळची परदेशी. तिचे पूर्वज आशियाच्या आग्नेयेकडील अरण्यांतले. पश्चिमेकडे तिचे आगमन झाल्यावर बहुत काळ ती मुख्यत्वे झुंजीची आणि पूजाविधीची धनीण होती. दक्षिण पॅलेस्टाईनमधील मारेशा या नगराच्या उत्खननात, इसवी सनापूर्वी चौथ्या ते दुसऱ्या शतकांतील थरांत, सुरीच्या खुणा असलेली कोंबड्यांची हाडे विपुल प्रमाणात मिळाली, आणि कोंबडी हे नित्याचे खाद्य झाल्याचा एक अत्यंत जुना पुरावा हाती आला. तिच्या रश्श्यात पडणारा ऑलस्पाइस हा मसाला तर अमेरिका खंडातला, म्हणजे या गोतावळ्यातील सर्वांत धाकटा.

या वंशावळीतूनच मुसख्खनची रचना उलगडते. रोटी, तेल आणि कांदा ही शेतकऱ्याच्या घरची हक्काची मिळकत. कोंबडी अंड्यांसाठी राखलेली, पाहुणा आला वा सण असला तरच कापावयाची. म्हणून ती वर विराजमान होते, पण अन्नाचा जीव खालच्या थरांत असतो. कांदा भरपूर चिरून, मीठ घालून, मंद आचेवर पुष्कळ तेलात शिजवावा लागतो. तो करपता कामा नये, मऊ होऊन गोडसर झाला पाहिजे, आणि मगच त्यात सुमाक मिसळावा. रोटी त्याच तेलात बुचकळून, कांदा पसरून, उकडलेली कोंबडी वर ठेवून सारे पुन्हा भट्टीत जाते, आणि बदाम किंवा चिलगोजे भुरभुरून हातानेच तोडून खाल्ले जाते.

1948 साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि चारशेंहून अधिक गावे ओस पडली. अम्मानच्या वा लेबनॉनमधील छावण्यांतल्या बिऱ्हाडांत ताबून बांधण्यास अंगण कोठले! तेव्हा गृहिणींनी तोड काढली: ओव्हनच्या तबकात नदीतले खडे तापवून त्यांवर रोटी भाजली, जॉर्डनमध्ये श्राक नावाच्या पातळ रोटीशी सोयरीक जुळविली, कोणी त्याच जिन्नसांच्या सुरळ्या वळल्या. भट्टी गेली, आकार बदलला, तरी कुळ मोडले नाही. कारण तेल, कांदा आणि सुमाक यांत त्यांनी काटकसर केली नाही, आणि घरी मुसख्खन करू इच्छिणाऱ्याने त्यांच्यापासून प्रथम घ्यावयाचा धडा हाच.

मात्र एका गोष्टीला, ऑलिव्हच्या झाडाला, पर्याय नाही. वेस्ट बँकेतील ज्या शेतकऱ्यांच्या बागा विभाजक भिंतीपलीकडे राहिल्या, त्यांना आपल्याच झाडांची फळे उतरविण्यासाठी लष्करी परवाना मागावा लागतो, आणि तो वेळेवर न मिळाल्यास हंगाम निघून जातो. दरबाराच्या आश्रयाने जन्मलेले अन्न दरबार बुडाल्यावर ग्रंथांतून तरी टिकते; शेतातून जन्मलेल्या अन्नाला दरवर्षी शेतच लागते. म्हणून मुसख्खनच्या रक्षणाचा प्रश्न पाककृती लिहून ठेवण्याने सुटणारा नाही. झाड ज्याचे, त्याला त्याची तोडणी निर्वेधपणे करता येणे, हेच त्याचे खरे उत्तर आहे.