आंतरजोड पट्टीवरील संरक्षक विद्युत्‌वाही लेप

घन ऑक्साइड इंधनघटांच्या चळतीत शेजारच्या दोन घटांना जोडणाऱ्या मिश्रधातूच्या पट्टीवर दिलेला पातळ ऑक्साइड थर. तो वीज वाहू देतो; मात्र ऑक्सिजनला धातूपर्यंत आणि क्रोमियमला धातूबाहेर सहजी जाऊ देत नाही. त्याची जाडी पद्धतीनुसार १ मायक्रोमीटरहून कमी ते काही दशक मायक्रोमीटर असते.

गरज : वीज पुरवत असताना एका घटाचा दाब ०.७ ते ०.८ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून अनेक घट एकसर जोडून चळत रचतात. आंतरजोड पट्टी एका घटाचा अ‍ॅनोड दुसऱ्याच्या कॅथोडशी जोडते आणि एका बाजूचे इंधन व दुसऱ्या बाजूची हवा वेगळी ठेवते. घट सुमारे १,०००° से. तापमानाला चालत तेव्हा ही पट्टी लँथॅनम क्रोमाइट या सिरॅमिकची असे. ती महाग, ठिसूळ आणि भाजून घट्ट करण्यास अवघड होती. विद्युत् विच्छेद्याचा पातळ थर अ‍ॅनोडच्या आधारावर देण्याचे तंत्र आल्यावर कार्यतापमान ६५०° ते ८००° से.पर्यंत उतरले आणि पोलादी पट्टी वापरता येऊ लागली.

मिश्रधातू : फेरिटी पोलादाचे औष्णिक प्रसरण घटातील सिरॅमिक थरांशी जुळते. सामान्य ऑस्टेनाइटी पोलाद बरेच अधिक प्रसरण पावते. त्यामुळे तापताना-निवताना सिरॅमिक थरांना तडे जातात. जर्मनीतील यूलिश संशोधन केंद्राच्या सहभागाने विकसित झालेले ‘क्रोफर २२ एपीयू’ हे या कामाचे प्रसिद्ध पोलाद. त्यात सुमारे २२ टक्के क्रोमियम असते. ॲल्युमिनियमयुक्त मिश्रधातू उष्णतेत अधिक टिकतात, पण त्यांच्यावर वाढणारे ॲल्युमिना वीजरोधक असल्याने विद्युत् संपर्कासाठी ते गैरसोयीचे ठरतात.

उघड्या पोलादाचे दोष : पहिला दोष रोधवाढीचा. पोलादावरील क्रोमियम ऑक्साइडचा थर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो. पण तो मंद वीजवाहक असल्याने दरवर्षी रोध चढतो. दुसरा दोष क्रोमियमच्या बाष्पीभवनाचा. हवेतील ऑक्सिजन व पाण्याची वाफ यांच्याशी क्रोमियम ऑक्साइडचा संयोग होऊन वायुरूप क्रोमियम ऑक्सिहायड्रॉक्साइड बनते. हा वायू कॅथोडवर पोहोचतो. लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगॅनाइटच्या कॅथोडवर त्यातून पुन्हा क्रोमियम ऑक्साइड साचते व विक्रियेच्या जागा बुजतात. स्ट्रॉन्शियम असलेल्या कोबाल्ट-फेराइट कॅथोडवर स्ट्रॉन्शियम क्रोमेट तयार होते. यालाच क्रोमियमची विषबाधा म्हणतात.

लेपद्रव्ये : सुरुवातीस लँथॅनम मँगॅनाइटसारखी पेरोव्हस्काइटे वापरली गेली. ती वीज उत्तम वाहतात. पण त्यांचे घट्ट थर देणे कठीण, आणि कोबाल्ट-फेराइट प्रकारांतून ऑक्सिजनचे आयनही सहज पार होतात. पुढे मँगॅनीज-कोबाल्ट स्पिनेल आघाडीवर आले. नॉर्वेतील लारिंग व नॉर्बी यांनी २००० साली क्रोमियमप्रधान मिश्रधातूवर त्याचा उपयोग दाखवला आणि अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने फेरिटी पोलादासाठी ते विकसित केले. मँगॅनीज व कोबाल्ट समप्रमाणात असलेल्या स्पिनेलची वाहकता ८००° से.ला सेंटिमीटरला सुमारे ६० सीमेन्स असते आणि त्याचे प्रसरणही पोलादाशी जुळते.

या आकड्याचा अर्थ गणिताने स्पष्ट होतो. अशा १५ मायक्रोमीटर लेपाचा रोध ०.००००२५ ओहम-चौ. सेंमी. भरतो. त्याखाली वाढलेल्या अवघ्या २ मायक्रोमीटर क्रोमियम ऑक्साइडचा रोध, त्याची वाहकता सेंटिमीटरला ०.०१ सीमेन्स धरल्यास, ०.०२ ओहम-चौ. सेंमी. होतो. चाळीस हजार तासांनंतरही पट्टीचा एकूण रोध ०.१ ओहम-चौ. सेंमी.च्या आत राहावा, असे उद्दिष्ट सामान्यतः ठेवतात. म्हणून लेपाचे खरे काम स्वतः वीज वाहण्यापुरते नाही. खालच्या थराची वाढ मंदावणे हे त्याहून मोठे काम आहे. सिरियम, लँथॅनम किंवा यिट्रियम अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास ही वाढ आणखी मंदावते व थर पोलादाला घट्ट धरून राहतो.

लेपनपद्धती : स्पिनेलच्या चूर्णाचा राळा फवारून किंवा जाळीछपाईने लावतात. मग तो हायड्रोजनयुक्त वातावरणात तापवून क्षपित करतात आणि हवेत पुन्हा ऑक्सिडित करतात. त्यामुळे पोलादाला सोसवणाऱ्या तापमानातच थर घट्ट होतो. प्लाझ्मा फवारणी, विद्युत्‌कणसंचलन आणि विद्युत्‌विलेपन याही पद्धती रूढ आहेत. निर्वातात पोलादाच्या पातळ पत्र्यावर सिरियमचा सुमारे १० नॅनोमीटर व कोबाल्टचा सुमारे ६०० नॅनोमीटर थर देण्याची पद्धत मोठ्या उत्पादनास सोयीची आहे. हा कोबाल्ट घट चालू असतानाच ऑक्सिडित होतो, पोलादातून मँगॅनीज घेतो आणि स्पिनेल बनतो. पत्रा वाकवताना पडलेल्या चिरा बऱ्याच अंशी त्यातच बुजतात.

मर्यादा : पट्टीच्या एका बाजूस हायड्रोजन व दुसऱ्या बाजूस हवा असताना हवेकडील बाजू अधिक वेगाने गंजू शकते, म्हणून केवळ हवेत घेतलेल्या चाचण्या अपुऱ्या ठरतात. पोलादातील सिलिकॉनमुळे लेपाखाली वीजरोधक सिलिकाचा थर साचू शकतो. कोबाल्ट महाग असून त्याचे खाणकाम मुख्यतः काँगो लोकशाही प्रजासत्ताकात एकवटले आहे. त्यामुळे तांबे-मँगॅनीज व लोहयुक्त स्पिनेलांवर संशोधन चालू आहे. लेपाची योग्यता पहिल्या दिवसाच्या रोधावरून ठरवणे चुकीचे आहे. हजारो तास आणि वारंवार तापणे-निवणे सोसल्यावर रोध किती राहतो, हाच तिचा विश्वसनीय निकष होय.