लायडनमधल्या इंग्रजांची अकरा वर्षे

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लायडन हे हॉलंडमधले कापडाचे मोठे केंद्र होते. 1574 मध्ये स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला, पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठ निघाले आणि फ्लँडर्समधून परागंदा झालेल्या विणकरांनी लोकरीच्या धंद्यात नवा जीव ओतला. याच शहरात 1609 च्या वसंतात काही इंग्रज कुटुंबे राहायला आली. इंग्लंडमध्ये राजाच्या चर्चपासून फुटून वेगळी उपासना करणे हा गुन्हा होता. म्हणून नॉटिंगहॅमशरमधल्या स्क्रूबी आणि आसपासच्या गावांची ही माणसे चोरून समुद्र ओलांडून आधी ॲमस्टरडॅमला पोचली होती. तिथल्या इंग्रज मंडळींमधल्या भांडणांत ओढले जाण्याआधीच त्यांनी मुक्काम हलवला.

त्यासाठी त्यांचे पाद्री जॉन रॉबिन्सन यांनी सुमारे शंभर स्त्री-पुरुषांच्या वतीने नगरमंडळाकडे अर्ज केला होता. 12 फेब्रुवारी 1609 रोजी उत्तर मिळाले: नीट वागणाऱ्या आणि कायदे पाळणाऱ्या कोणालाही हे शहर दार बंद करत नाही. मात्र उपासनेसाठी इमारत मिळाली नाही. 1611 मध्ये रॉबिन्सन यांनी आणखी तिघांच्या साथीने पीटर्सकेर्क या मोठ्या चर्चसमोरचे घर 8,000 गिल्डरना घेतले. उपासना तिथेच होऊ लागली आणि मागच्या बागेत गरीब कुटुंबांसाठी 21 लहान घरे उभी राहिली.

उपासनेचा प्रश्न असा सुटला, पोटाचा मात्र सहज सुटणारा नव्हता. यातले बहुतेक जण शेतकरी घरांतले, आणि लायडनला शेतीचा काय उपयोग? लोकर विंचरणे, सूत काढणे, माग चालवणे हीच कामे समोर होती. कोणी टोप्या करू लागला, कोणी हातमोजे. पुढे अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झालेला विल्यम ब्रॅडफर्ड इथे फस्टियन नावाचे जाड कापड विणत असे. 1612 मध्ये त्याने शहराचे नागरिकत्व घेतले. अनेक धंद्यांची दारे त्याशिवाय उघडत नसत, आणि ते मिळवायला जामीन द्यावे लागत. विल्यम ब्रूस्टर केंब्रिजला शिकलेला होता. तो विद्यापीठातल्या डेन आणि जर्मन विद्यार्थ्यांना लॅटिनच्या आधाराने इंग्रजी शिकवून संसार चालवी. नंतर त्याने छापखाना काढला आणि इंग्लंडमध्ये छापणे अशक्य असलेली धर्मविषयक पुस्तके छापली. 1619 मध्ये इंग्लंडच्या वकिलाने माग काढला, टाइप जप्त झाले आणि ब्रूस्टरला लपून राहावे लागले.

दोन देशांमधला फरक रोजच्या व्यवहारात जाणवे. डच पंचांग इंग्लंडच्या दहा दिवस पुढे होते. लग्नाची रीतही निराळी होती. हॉलंडमध्ये डच चर्चबाहेरच्या वधूवरांना दंडाधिकाऱ्यांसमोर लग्न करता येई. साक्षीदार घेऊन नगरभवनात जायचे, नावे नोंदवायची, लागोपाठ तीनदा जाहीर पुकारा व्हायचा आणि मग लग्न लागायचे. लग्न हा धर्मसंस्कार नसून नागरी करार आहे, असे या इंग्रजांचेही मत असल्याने ही पद्धत त्यांना मनापासून पटली. त्यांच्या आयुष्याचा बराचसा तपशील आज कळतो तो डच कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी इंग्रज नावे उतरवलेल्या या वह्यांमधूनच.

शेजाऱ्यांशी त्यांचे एरवी बरे जमत असे. 1619 मध्ये मात्र डच प्रोटेस्टंटांमधल्या वादाने शहर तापले होते. त्या एप्रिलमध्ये साठी ओलांडलेला जेम्स चिल्टन आणि त्याची मुलगी आपल्या घराजवळ असताना वीसेक पोरांनी त्यांना घेरले. बंदी घातलेल्या पंथाची सभा या घरात भरते, असा पोरांचा समज होता. दगड डोक्यात लागून म्हातारा खाली कोसळला.

ब्रॅडफर्डने पुढे इतिहास लिहिताना लायडन सोडण्याची कारणे दिली आहेत आणि त्यांत अशा छळाला जागा नाही. कष्टांनी माणसे अकाली म्हातारी होत होती. मुलांना कोवळ्या वयात कामाला जुंपावे लागे. त्यातली काही सैन्यात जात, काही दूरच्या सफरींवर. मुले आपली भाषा आणि इंग्रजपण विसरतील ही धास्तीही होती. शिवाय स्पेनशी झालेला बारा वर्षांचा तह 1621 मध्ये संपणार होता. हॉलंडने त्यांना धर्माचे स्वातंत्र्य दिले, पण त्या स्वातंत्र्याची किंमत मुलांच्या पाठीवर पडत होती. निघण्यामागचे सर्वांत खरे कारण तेच दिसते.

जुलै 1620 मध्ये धाडसी आणि धडधाकट मंडळी कालव्याने डेल्फ्सहाफनला गेली, तिथून स्पीडवेल जहाजाने इंग्लंडला आणि शेवटी मेफ्लॉवरने अमेरिकेला. लायडनची बहुसंख्य मंडळी मागेच राहिली. रॉबिन्सनही राहिले. 1625 मध्ये ते वारले आणि पीटर्सकेर्कमध्ये त्यांना पुरण्यात आले. मागे राहिलेल्यांपैकी काही कुटुंबे नंतर समुद्रापार गेली, उरलेली डच समाजात मिसळून गेली.

जे गेले, त्यांच्या बरोबर हॉलंडही थोडे गेले. मे 1621 मध्ये प्लिमथला पहिले लग्न लागले ते एडवर्ड विन्सलो या विधुराचे. त्याचे आधीचे लग्न 1618 मध्ये लायडनमध्ये झाले होते. प्लिमथलाही लग्न पाद्र्याने न लावता वसाहतीच्या अधिकाऱ्यासमोर लागले, आणि ही रीत हॉलंडची असल्याचे ब्रॅडफर्डने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवले आहे.