डेव्हनवरचं गिऱ्हाईक

भाव चढला की मागणी घटते, हे अर्थशास्त्राचं पहिलं सूत्र. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मात्र या सूत्राला बरेच फाटे फुटलेले दिसतात.

एकेकाळी ही ज्यू दुकानदारांची बाजारपेठ होती. अमेरिकेच्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली मंडळी इकडे येऊ लागली आणि १९७४ मध्ये मफत व तुलसी पटेल या बंधूंनी इथे किराणा दुकान थाटलं. पुढे साड्या, दागिने, मिठाई आणि २२० व्होल्टची उपकरणं, सगळंच आलं.

गंमत बघा, अमेरिकेतल्या घरात थेट न चालणाऱ्या या उपकरणांना अमेरिकेत मागणी! कारण भारतात तेव्हा आयातीवर कडक निर्बंध. देशात जाणारा माणूस घरच्यांसाठी व्हीसीआर घेऊन जायचा. १९९१ नंतर भारताचा बाजार खुला होत गेला. तीच वस्तू पुण्यात मिळायला लागल्यावर इथून ओझं कोण नेणार? गिऱ्हाईकाला घराजवळ पर्याय मिळाला, की भाव उतरवूनही फारसं साधत नाही.

हापूसचंही तसंच. भारतीय आंब्यावरची अमेरिकेतली बंदी २००७ मध्ये उठली. लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पेट्या विमानाने आल्या, त्यामुळे महाग पडल्या. हौसेने एखादी पेटी घेतली, तरी पंगतीच्या आमरसाला डब्यातला पल्पच बरा!

तांदळाची गोष्ट वेगळी. देशात भाव भडकू नयेत म्हणून भारत सरकारने २० जुलै २०२३ ला बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. दुकानांत आधी आलेला माल होताच. तरी अमेरिकेत ठिकठिकाणी भारतीय दुकानांवर झुंबड उडाली, भाव चढले आणि काहींनी 'कुटुंबामागे एकच पोतं' असा नियम केला. इथे सूत्र उलटं फिरलं! उद्या मिळणार नाही या धास्तीनेच मागणी वाढली, अन् मागणीने भाव वाढवला. बासमतीवर बंदी नव्हती. पण रोजच्या वरण-भाताला ज्याला कोलम लागतो, त्याचं बासमतीवर कसं भागणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठली. पण धास्तीने साठवलेल्या पोत्यांची खरी किंमत मोजली ती मागाहून आलेल्यांनी, म्हणजे महिन्याच्या पैशांत एकेक पिशवी नेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि म्हाताऱ्या जोडप्यांनी. बाजार म्हणजे शेवटी आपणच. पुन्हा अशी बातमी आली, तर पोतं एकच उचलावं.