पाइपवरचा नांगर

आमच्या घरी एक विलायती पाइप आहे. घरात तंबाखू ओढणारे कोणी नाही, तरी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात जवळजवळ देवाच्याच मानाने बसलेला असतो. पिंपळे गुरवातले आमचे शेत गेले, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, जुने घर पाडून नवे बांधले. कोनाडा मात्र वडिलांनी हट्टाने ठेवून घेतला.

पाइपची कथा अशी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. पवनेपलीकडे दापोडीला फोर्डची पलटण होती. ती खडकीच्या इंग्रज फौजेला मिळायला निघाली. मोरो दीक्षित ज्या धुमश्चक्रीत पडले, तिच्यात म्हणे आमच्या एका पूर्वजाने एक गोरा लोळवला आणि त्याच्या तोंडातला पाइप काढून घेतला. ही कथा मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो. एका कादंबरीत तिच्यावर अख्खे प्रकरण खर्ची घातले.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या मंडळींनी पाइपच्या गळ्याभोवतीचे काळे पडलेले कडे रांगोळीने घासले. ते चांदीचे निघाले आणि त्यावर मुगाच्या दाण्याएवढे ठसे उमटलेले दिसले. सोनाराकडून भिंग आणले. एक नांगर, एक चालता सिंह, एक लहान लिपीतले इंग्रजी 'एन', आणि कारागिराची झिजलेली अक्षरे.

आता सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाल्यापासून हा शब्द आपल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. त्यातला 'हॉल' म्हणजे लंडनच्या सोनारांचा गोल्डस्मिथ्स हॉल. तिथे माल तपासून घ्यायचा आणि छाप मारून घ्यायचा. १४७८ पासून लंडनने सालाचे अक्षरही सुरू केले, दरवर्षी नवे. कोणी खोट मिसळली तर कोणत्या तपासनिसाच्या वेळी, हे शोधता यावे म्हणून. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्रापासून दूर असलेल्या गावाला जहाजाचा नांगर कसा? तिथली तपासकचेरी १७७३ साली मंजूर झाली तेव्हा मागणीदारांचा मुक्काम 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत होता, त्यावरून तो घेतला, असे सांगतात.

गाव आधी ओळखायचे आणि मग अक्षर वाचायचे, हा या विद्येतला पहिला धडा. हेच लहान 'एन' लंडनच्या छापाशेजारी असते तर साल १९०८ निघाले असते. बर्मिंगहॅमच्या कोष्टकात ते १९१२ चे आहे. तिथे अक्षर जुलैत बदलत असे, म्हणजे १९१२-१३.

मी कोष्टक तीनदा पाहिले. माणूस आपल्या बाजूने किती वकिली करतो! प्रथम वाटले, छापच खोटा असेल. तसे असतातही. जर्मन सिल्व्हरवर मुलामा देऊन ढालीसारख्या चौकटींत वळणदार अक्षरे ठोकायची, की गिऱ्हाईक फसलेच. डब्लिनच्या पीटरसनच्या निकेलच्या कड्यांवरही तीन पानांची वेल, कुत्रा आणि मनोरा अशी चित्रे असतात; ती हॉलमार्क नव्हेत. पण आमचा सिंह खरा होता.

मग दुसरी पळवाट. कड्याचे साल म्हणजे पाइपचे साल नव्हे. नळी तडकली की दुरुस्तीला कडे बसवीत. कडे १९१२ चे, पाइप १८१७ चा! पण लाकूडही फितूर झाले. ते ब्रायरच्या मुळाची गाठ होते, आणि फ्रान्समध्ये सेंट-क्लोद गावी त्या गाठीचे पाइप होऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तोंडात धरायची काळी नळी घासली तर गंधकाचा वास आला. ते गंधक मिसळून कडक केलेले रबर. गुडइयरचे पेटंटच १८४४ चे. १८१७ चा सोजीर पांढऱ्या मातीचा पाइप ओढीत असे, आणि तो लढाईत आधी फुटला असता.

सांगवीच्या आत्याकडे गेलो. ती ऐंशी ओलांडलेली. तिला भिंगातून ठसा दाखवला.

"आत्या, हा नांगर."

"नांगर? मग आपलाच की रं!"

हा जहाजाचा, हे समजावून साल सांगितले. ती बराच वेळ पाइप हातात फिरवत राहिली.

"माझा आजा खडकीला साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायचा," ती म्हणाली. "पोऱ्या होता तवापासून. घरात कुणी बोलायचं न्हाई. तुझ्या बापाला ठावं हाय."

पाइप साहेबाने दिला की आजोबांनी उचलला, हे तिलाही माहीत नव्हते.

वडिलांना रात्री विचारले. ते म्हणाले, "शाळेत पोरं हसायची रे." मग त्यांनी पाइप पुसून कोनाड्यात ठेवला.

वर्गात मी नवी हकिकत सांगितली आणि पाइप बाकांवरून फिरवला. लढाईच्या गोष्टीला पोरे टाळ्या देत. या वेळी भिंगासाठी भांडली. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव कमीच. निघाली तर ते प्रकरण काढून टाकीन आणि त्या जागी बंगल्याच्या मागल्या दारचे, राखेने भांडी घासणाऱ्या पोऱ्याचे लिहीन.