घराच्या हवाली

राजगृहातील एका श्रेष्ठीची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आली आहे. सात वर्षे मस्तकशूळाने गांजलेल्या या गृहस्थाला वैद्यांनी पाच-सात दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा बिंबिसार राजाच्या अनुज्ञेने जीवक वैद्य त्याच्या घरी गेला, त्याला मंचकाशी बांधून त्याने मस्तकाची त्वचा छेदली, कवटीचा सांधा उकलून दोन कृमी बाहेर काढले आणि जखम शिवून लेप दिला. शल्यविद्येचे अभिमानी या कथेचा एवढाच भाग सांगून थांबतात. मला तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहीन, असे वचन जीवकाने श्रेष्ठीकडून आधीच घेतले होते. प्रत्यक्षात प्रत्येक कुशीवर सात दिवस होताच हा सधन रोगी काकुळतीला येई, आणि अशा रीतीने एकविसाव्या दिवशी तो बरा झाला. दिवस एकवीसच लागणार हे मला ठाऊक होते, परंतु महिन्यांची भाषा केली नसती तर तू एवढेही पडून राहिला नसतास, अशी कबुली मग जीवकाने दिली. घरी रोगी सांभाळलेल्या कोणालाही ही लबाडी ओळखीची वाटेल. त्या एकवीस दिवसांत श्रेष्ठीला कुशीवर कोणी वळविले आणि त्याच्या तोंडाला पेज कोणी लावली, हे मात्र कथाकार सांगत नाही.

चरकाने ही उणीव राहू दिली नाही. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगताना त्याने उपस्थात्याला, म्हणजे उशापायथ्याशी बसणाऱ्याला, वैद्याच्या पंक्तीत बसविले आणि उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण त्याच्याकडून अपेक्षिले. आपल्या भाषेतील ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ तर ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

अर्वाचीन शस्त्रक्रियेच्या दफ्तरात उपस्थात्याचा हा तिसरा पाद दीर्घकाळ दिसत नाही, आणि त्याला कारणही आहे. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली याने एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतून अक्रोडाएवढी गाठ काढली. कवटीवर बाहेरून कोणतीही खूण नसताना केवळ हातापायांच्या लक्षणांवरून ह्यूज बेनेट याने गाठीचे स्थान अचूक वर्तविले होते, म्हणून हा प्रसंग गाजला. रोगी मात्र अठ्ठावीस दिवसांनी जंतुदोषाने दगावला. जिथे रोगी जिवंत राहण्याचीच वानवा, तिथे घरी गेल्यावर त्याचे काय झाले याची खतावणी कोण ठेवणार? पुढे बोस्टनच्या हार्वी कुशिंगने रक्तस्राव आवरण्याची चांदीची चिमटी आणि विद्युत्‌दहनाचे उपकरण यांच्या साह्याने हे भय पुष्कळ कमी केले आणि १९३१ साली दोन हजार गाठींचा टप्पा गाठला. तेव्हा कोठे माणसे मोठ्या संख्येने घरी परतू लागली आणि नव्या प्रश्नांची कैफियत पुढे आली.

ती कैफियत ज्या घटनेत मला सर्वांत स्पष्ट ऐकू येते, ती माँट्रियलची आहे. १९२८ च्या डिसेंबरात वाइल्डर पेनफील्ड या शल्यविशारदाने आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूवर शस्त्रक्रिया केली. गाठ पसरलेली होती. कपाळामागचा उजवा भाग बहुतांशी काढावा लागला, तरीही ती मुळापासून निघाली नाही. सहा मुलांची ही आई आपल्या घरी परतली. बोलणे, चालणे, स्मृती, स्वभाव, मुलांवरची माया, सारे जागच्या जागी होते, आणि रुग्णालयाच्या कसोट्यांवर तिच्यात बोट ठेवावे असे काही सापडत नव्हते. सुमारे पंधरा महिन्यांनी तिने साधे रात्रीचे जेवण योजिले: घरची चार माणसे आणि पाहुणा एक, तोही तिचा हाच भाऊ. तयारीला सारा दिवस हाताशी होता, उत्साहही होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा सर्व जिन्नस स्वयंपाकघरात हजर होते, एक-दोन भांडी चुलीवर चढली होती. परंतु कोशिंबीर झाली नव्हती, मांसाला हातही लागला नव्हता, आणि दिवसभर एकटीने झगडून ती बिचारी गोंधळून, कष्टी होऊन उभी होती. कोणाचा हात लागताच काम पार पडले. प्रत्येक पदार्थ करणे तिला येत होते. कोणता आधी आणि कोणता मागाहून, हा हुकूम आतून निघत नव्हता.

शस्त्र चालविणारा आणि जेवायला आलेला इसम एकच होता, हा केवळ योगायोग; पण एरवी ही गोष्ट स्वयंपाकघराच्या चौकटीबाहेर कधी आली असती, असे मला वाटत नाही. घरातल्या माणसांनी रूथला आळशी म्हटले असते, किंवा तिचे हल्ली लक्षच नसते, असे म्हणून सोडून दिले असते. १९३० साली कुशिंगने तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केली, १९३१ साली ती निवर्तली, आणि १९३५ साली पेनफील्डने जोसेफ एव्हान्ससह लिहिलेल्या निबंधात ती अर्धवट राहिलेली कोशिंबीर वैद्यकशास्त्राच्या दस्तऐवजात दाखल झाली.

पेनफील्डच्याच हाताखाली शिकलेल्या जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला आणि ही विद्या आपल्याकडे स्थिरावली. उपस्थाता मात्र आयात करावा लागला नाही. आपल्या इस्पितळांच्या व्हरांड्यात तो वळकटी आणि डबा घेऊन आधीपासूनच मुक्काम ठोकून होता. त्याच्या उपद्रवाविषयी परिचारिकांच्या तक्रारी रास्त असतील. पण टाके निघून रोग्याची घरी रवानगी झाली की गोळ्यांच्या वेळा, अंगात येणारे झटके, उजेडाचा त्रास, दुपारची अनावर झोप हे सारे त्याच्याच सुपूर्द होते. कागदावर औषधांचा जाबता असतो. आधी तांदूळ धू, मग पाणी आधणाला ठेव, मग भाजी चिरायला घे, असे एकेक करून सांगणारी आणि मधेच स्वतः न करता थांबून राहणारी नणंद त्या कागदावर नसते; ती भिंतीला टेकून, हात आवरून बसलेली असते, आणि पाणी उतू जायच्या बेतात आले तरी क्षणभर वाट पाहते.