हल्कचा वर्ण आणि वाचकांची स्मृती : चित्रकथांच्या इतिहासातील एक साधनविचार

लोकप्रिय मुद्रित वाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे जी अडचण उभी राहते ती बहुधा साधनांच्या दुर्मिळतेची नसते. साधने कोणी जपली आणि कोणी बदलली, ही ती अडचण होय. प्रकाशकाच्या दृष्टीने चित्रकथेचा अंक म्हणजे महिनाभर विकावयाचा माल. पुढचा अंक आला की मागच्याचे प्रयोजन संपले. तो अंक पेटीत जपून ठेवतो, मागच्या अंकाशी ताडून पाहतो आणि विसंगती आढळल्यास पत्र लिहून जाब विचारतो, तो वाचक. अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाच्या 'हल्क' ह्या राक्षसी नायकाच्या साठ वर्षांहून अधिक काळच्या कथामालेत प्रकाशकाची नोंद आणि वाचकाची स्मृती ह्यांतील हा विरोध फार स्पष्टपणे दिसतो, आणि तोही एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावरून : हल्कचा मूळ रंग कोणता?

स्टॅन ली ह्यांनी लिहिलेला व जॅक कर्बी ह्यांनी चितारलेला पहिला अंक मे १९६२ ह्या महिन्याचा आहे. किंमत बारा सेंट. ब्रूस बॅनर नावाचा अणुशास्त्रज्ञ वाळवंटात 'गॅमा बाँब'ची चाचणी घेत असतो. रिक जोन्स नावाचा एक तरुण चाचणीच्या जागी गाडी घेऊन शिरलेला दिसताच बॅनर त्याला वाचविण्यासाठी धावतो. चाचणी थांबविण्याची सूचना ज्या सहकाऱ्याला दिलेली असते तो निघतो परकीय हेर. किरणोत्सर्गात सापडलेला बॅनर त्यानंतर सूर्यास्त होताच अवाढव्य, रागीट पुरुषात रूपांतरित होऊ लागतो. मेरी शेलीचा 'फ्रँकेनस्टाइन' व स्टीव्हन्सनचे जेकिल-हाइड ह्यांचे ऋण ली ह्यांनी स्वतःच मान्य केले होते. परंतु ही केवळ जुन्या भयकथांची उसनवारी नव्हे. अमेरिकेने वातावरणातील अणुचाचण्या एप्रिल १९६२ मध्ये पुन्हा सुरू केल्या, ऑक्टोबरमध्ये क्यूबाचा पेचप्रसंग आला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये अंशतः चाचणीबंदीचा करार झाला. त्या काळच्या अमेरिकन वाचकाला बाँबच्या पोटातून आलेला नायक दूरचा वाटला नसणार. तरीही मालिका चालली नाही. सहाव्या अंकाबरोबर, मार्च १९६३ मध्ये, ती बंद पडली.

पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा आहे. त्या काळच्या स्वस्त छपाईत करडा रंग एकसारखा उतरेना; एका पानावर तो फिका, दुसऱ्यावर जवळजवळ काळा, क्वचित हिरवट. म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. कथेत ह्या बदलाचे कारण दिलेले नाही. कारण छापखान्यातले होते.

ह्यापुढची गोष्ट अभ्यासकाने अधिक लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. नंतरच्या कथांत हल्कच्या जन्माची आठवण निघे तेव्हा तो हिरवाच दाखविला जाई. इतकेच नव्हे, तर खुद्द पहिल्या कथेच्या पुनर्मुद्रणांतही वीसेक वर्षे रंग बदलून तो हिरवा करण्यात आला. पोथ्यांच्या प्रतींची कुळे लावणाऱ्या अभ्यासकाला हा प्रकार परिचित वाटेल : उत्तरकालीन नकलकाराने पूर्वपाठ 'दुरुस्त' केला आणि दुरुस्त पाठच मूळ म्हणून चालू लागला. मूळ अंक ज्याच्याजवळ नव्हता त्याला करड्या हल्कचे अस्तित्व कागदावरून कळण्याचा मार्ग जवळजवळ उरला नव्हता. तो कळे जुन्या वाचकाकडून. डिसेंबर १९८४ च्या ३०२ व्या अंकात पूर्वस्मृतीच्या प्रसंगात करडा हल्क पुन्हा अवतरला, आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये, ३२४ व्या अंकात, तो चालू कथेतच परत आला.

१९८७ पासून पीटर डेव्हिड ह्यांनी ही माला हाती घेतली. ते मार्व्हलच्या विक्री विभागातून लेखनाकडे आलेले गृहस्थ. त्यांनी जवळजवळ बारा वर्षे, १९९८ पर्यंत, हल्क लिहिला. त्यांच्या हाती करडा रंग म्हणजे एक निराळी व्यक्ती ठरली : रात्री प्रकटणारी, धूर्त, स्वार्थी, १९८८ मध्ये लास व्हेगासला जो फिक्सिट ह्या नावाने गुंडगिरीवर पोट भरणारी. त्याआधी, ऑक्टोबर १९८५ च्या ३१२ व्या अंकात, बिल मँट्लो ह्यांनी बॅनरच्या बालपणी त्याच्या पित्याने केलेल्या छळाची कथा लिहिली होती. डेव्हिड ह्यांनी ह्या दोन गोष्टी जोडल्या. हिरवा हल्क हे दुखावलेले मूल, करडा हा त्याच मनाचा उन्मत्त पौगंड. १९९१ च्या प्रारंभी, ३७७ व्या अंकात, एक मनोवैद्य त्यांची व बॅनरची एकजूट घडवून आणतो. छापखान्यातील शाईच्या दोषाला पंचवीस वर्षांनी मानसशास्त्रीय अर्थ प्राप्त झाला! हे चातुर्य आहेच. परंतु वाचकवर्गात जुन्या रंगाची आठवण जागी नसती तर ह्या चातुर्याला बोलावयास कोणी श्रोता मिळाला नसता.

वाचकांच्या ह्या दक्षतेचा एक आधीचा दाखला अधिकच बोलका आहे. एप्रिल १९६४ च्या 'फँटॅस्टिक फोर' मासिकाच्या २५ व्या अंकात ली ह्यांनी अनवधानाने ब्रूस बॅनरला 'बॉब बॅनर' म्हटले. वाचकांनी ही चूक तत्काळ पकडली. तेव्हा नायकाचे पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचे ठरविण्यात आले, आणि ते आजही तेच आहे. म्हणजे नायकाचे नाव लेखकाची चूक आणि वाचकाचा आक्षेप ह्यांच्या संयोगातून जन्मले. ली ह्यांनी ह्या वृत्तीला खेळाचे रूप दिले. जो वाचक चूक दाखवून शिवाय तिची पटण्याजोगी उपपत्ती लावील त्याला 'नो-प्राइज' नावाचे बक्षीस मिळे. टपालाने येई ते रिकामे पाकीट. पत्रलेखकांचे पत्तेही छापले जात असल्याने वाचक एकमेकांना लिहू लागले, आणि स्वतःची हौशी नियतकालिके काढू लागले. त्यांपैकी 'ऑल्टर ईगो' ह्या १९६१ मध्ये निघालेल्या पत्रिकेशी निगडित असलेले रॉय टॉमस १९६५ मध्ये मार्व्हलच्या नोकरीत शिरले, पुढे हल्कच्या कथा लिहू लागले आणि १९७२ मध्ये मुख्य संपादक झाले. पत्र लिहिणारा आणि पत्राला उत्तर देणारा ह्यांतील अंतर इतके थोडे होते.

अर्थात् छापील पत्रे हे साधन निर्मळ नव्हे. पत्रे निवडणारा, काटणारा व उत्तराची फोडणी देणारा प्रकाशकच. विद्यार्थी-वसतिगृहातून एक पत्र आले व त्यात हल्कला आपले मानचिन्ह म्हणून निवडल्याचे कळविले होते, ही हकीकत तरुण वाचकांच्या प्रेमाचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते. परंतु ती आपल्यापर्यंत आली आहे ती निर्मात्यांच्याच आठवणीतून. तिचे वजन तेवढेच धरावे.

वाचकांच्या वादाचा मुख्य विषय मात्र एकच राहिला आहे : खरा हल्क कोणता? कोणी १९६२ चा रात्रिंचर प्रमाण मानतो. कोणी स्वतःचा उल्लेख नावाने करणारा, पुढील काळातला बालबुद्धीचा हिरवा हल्क. कोणी डेव्हिड ह्यांचा बहुरूपी रुग्ण. १९७७ ते १९८२ ह्या काळातील दूरदर्शन-मालिकेमुळे आलेला प्रेक्षक तर मुका, दयार्द्र हल्क आणि ब्रूसऐवजी डेव्हिड नावाचा बॅनर ओळखतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ रूपाचा आधार घेणारा पक्ष येथे सर्वांत दुबळा आहे. कारण ते मूळ रूप टिकलेच नाही. तिसऱ्या अंकात हल्क दिवसाही वावरू लागला व रिक जोन्सच्या इच्छेने चालू लागला. चौथ्यात रूपांतर यंत्राने होऊ लागले. क्रोध व ताण ह्यांनी होणारे रूपांतर, ज्याला आज सारे जग हल्कचे लक्षण मानते, ते १९६४ मध्ये 'टेल्स टू ॲस्टॉनिश' मासिकात रुळले. निर्मात्यांचा हेतू शोधू गेल्यास हाती येते ती चाचपडण्याची मालिका. तथापि ह्यामुळे वाचकांचा वाद निरर्थक ठरत नाही. अनेक हातांनी लिहिलेल्या कथेला सातत्य देण्याचे काम लेखकाने नव्हे तर ह्या वादानेच केले आहे.

२०१८ ते २०२१ ह्या काळात निघालेली पन्नास अंकांची 'इम्मॉर्टल हल्क' ही माला ह्याच संचिताच्या आधारावर उभी आहे. अ‍ॅल यूइंग ह्यांच्या ह्या कथेत बॅनर दिवसा मरतो आणि रात्री हल्क उठतो. वर्ण हिरवा, पण बोलणे चतुर व भेदक, आणि वेळ १९६२ ची. जुन्या वाचकाला ही जुळणी ओळखू येते. नव्याला ती न ओळखताही भय वाटते. मालेचे यश बव्हंशी ह्या दुहेरी वाचनक्षमतेत आहे.

ह्याच मालेच्या ४३ व्या अंकात, २०२१ मध्ये, एका दागिन्यांच्या दुकानाच्या काचेवर डेव्हिडचा तारा आणि ज्यू समाजाकडे निर्देश करणारे विकृत हिज्जे वाचकांना आढळले. ज्या नायकाचे दोन्ही जनक ज्यू स्थलांतरितांचे पुत्र होते त्याच्या कथेत हे चित्र यावे, ह्याचा क्षोभ झाला. चित्रकाराने क्षमा मागितली व प्रकाशकाने पुढील आवृत्तीत चित्र बदलले. 'बॉब'ची चूक पकडणारी दृष्टी हीच; विषय मात्र आता नावापुरता उरला नव्हता. संशोधकापुढे येथेही जुनाच प्रश्न येतो, कारण बदललेल्या आवृत्तीवरून तो क्षोभ कशामुळे झाला हे कळणार नाही.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच संग्रह-आवृत्त्यांवर विसंबू नये. काही मोठे संग्रह सोडल्यास त्यांतून पत्रपृष्ठे गाळलेली असतात, जाहिरातीही गाळलेल्या असतात, आणि रंग नव्याने भरलेले असतात. मूळ अंकांचे मोठे संचय मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात व वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.