तारमास्तर आणि यंत्र-सहायक

यंत्राचा इतिहास लिहिणारांचे लक्ष बहुधा त्याच्या जन्माकडे असते. ते कोणी शोधिले व कोणत्या साली शोधिले, हे सांगितले म्हणजे आपले काम संपले असे त्यांस वाटते. परंतु यंत्र जन्मास येणे ही एक गोष्ट, आणि ते माणसांच्या कामाच्या बोलण्यात येऊन बसणे ही अगदी दुसरी. आजकाल पुष्कळ कचेऱ्यांत सहकाऱ्यांचे सारे बोलणे स्लॅक किंवा टीम्स यांसारख्या संभाषण-ॲपवर चालते, आणि त्या बोलण्यातच कृत्रिम बुद्धीचा एक सहायक जोडून देण्याची रीत पडत चालली आहे. त्यास नावाने हाक मारावी, प्रश्न पुसावा, लांबलेल्या चर्चेचा सारांश मागावा, की तो क्षणार्धात उत्तर देतो. हा प्रकार अगदी अपूर्व असल्याची समजूत सर्वत्र दिसते. आम्हांस ती मान्य नाही. ह्या नव्या पाहुण्यास पूर्वज आहेत, आणि त्यांची वाट शहापूर तालुक्यातील आटगावासारख्या लहानशा रेल्वे स्टेशनांवरून गेलेली आहे.

मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. पुढच्या टप्प्यांचे स्मरण मात्र थोड्यांस आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत, ६ फेब्रुवारी १८६० रोजी आसनगावपर्यंत आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत खुला झाला. आटगाव ह्या शेवटच्या टप्प्यावरचे गाव. पुढे थळ घाट चढून १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीस पोहोचली. ह्याच सुमारास देशात तारायंत्र पसरत होते. ओशॉनेसी यांच्या खटपटीने १८५१ साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्यामध्ये तार सुरू झाली. १८५४ साली मुंबई त्या जाळ्यास जोडली गेली. आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्व लोकांस खुली झाली. पेशवाईतील जासूद थैली घेऊन पायी धावत असे व त्याचा चेहरा घेणारास दिसत असे. तारेने तो चेहरा काढून घेतला. पलीकडे कोण बसला आहे हे न पाहता त्याच्या शब्दावर शेकडो माणसांचा जीव सोपविण्याचा प्रसंग स्टेशनमास्तरावर आला.

रेल्वेने ह्या अडचणीचा परिहार कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. दोन स्टेशनांमधला रुळांचा तुकडा म्हणजे एक ब्लॉक, आणि त्यात एका वेळी एकच गाडी, हा मूळ नियम. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून मागच्याने गाडी सोडावयाची नाही. एकेरी मार्गावर ह्या परवानगीस मूर्त रूपच दिले गेले: दोन्ही स्टेशनांच्या संमतीने यंत्रातून टोकन नावाचा धातूचा गोळा निघे, तो हाती पडल्यावाचून ड्रायव्हर हलत नसे, आणि तो पुढच्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नसे. यंत्र बिघडून टेलिफोनवर परवानगी देण्याची वेळ आली, तर ‘प्रायव्हेट नंबर’ देण्याची पद्धत आहे. ह्या आकड्यांचा तक्ता स्टेशनमास्तराच्या स्वतःच्या ताब्यात असतो. एक आकडा एकदाच द्यावयाचा आणि दिल्याबरोबर खोडावयाचा. निरोप तारेने आला, पण त्यामागे अमुक माणूस उभा आहे, ह्याची ती खूण. थोडक्यात, यंत्रास बोलण्यात घेताना रेल्वेने तीन अटी घातल्या: निरोपाची पोच, परवानगीची मर्यादा, आणि जबाबदार माणसाचे नाव.

परंतु ह्या व्यवस्थेतील माणसाचे काय? तारेवर जलद येते ते उत्तर. ते देणारा रात्रभर जागा असतो, हे उताराच्या कानी येत नाही. १८९९ च्या मे महिन्यात ह्याच रेल्वेच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारायंत्र चालविणाऱ्या नोकरांनी, पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटी यांसाठी संप केला. हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या संघटित संपांत त्याची गणना होते. टिळकांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी त्यांची बाजू अनेक महिने मांडली, आणि त्यांच्या साहाय्यार्थ सभा भरून वर्गण्याही गोळा झाल्या. तार आपोआप बोलत नाही, तारमास्तर बोलतो, ही गोष्ट त्या संपाने लोकांच्या ध्यानी आणून दिली.

आता ह्या वंशावळीची पुढची शाखा पाहू. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो पुसणाराचेच शब्द उलटून परत देई, त्याहून अधिक त्यास काही कळत नसे. तरीही वायझेनबाउम यांनी स्वतः लिहून ठेविले आहे की, हे सर्व जाणणाऱ्या त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांस खोलीबाहेर जाण्यास सांगितले. १९८८ साली फिनलंडमध्ये आयआरसी ही सामूहिक संभाषणाची पद्धती निघाली आणि तीत लहानसहान हुकूम पाळणारे ‘बॉट’ वावरू लागले. २०११ साली गिटहब कंपनीने आपल्या संभाषण-कक्षात राबविलेला ‘ह्युबॉट’ सर्वांस खुला केला. पुढचा योगायोग तर विलक्षण आहे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, आणि लगेच ऑगस्टात स्लॅक लोकांपुढे आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी निघाले, आणि मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटी व क्लॉड हे सहायक स्लॅकमध्ये जोडण्याच्या सोयी जाहीर झाल्या.

ही जोडणी कशी होते, हे थोडे सांगितले पाहिजे. सहायकाचे ॲप प्रथम त्या कचेरीच्या स्लॅकमध्ये नोंदवावे लागते. कोणत्या कक्षातील बोलणे त्याने वाचावे, कोठे लिहावे, हे अधिकार एकेक करून ठरतात आणि त्यांच्या खुणेदाखल एक गुप्त अक्षरमाला मिळते. तिचे नाव, वाचकांस मौज वाटेल, टोकन! कोणी सहायकास हाक मारली म्हणजे स्लॅक तो निरोप ॲपच्या सर्व्हरकडे धाडते. सर्व्हर मागचे बोलणे गोळा करून भाषेच्या यंत्रापुढे ठेवितो. आणि आलेले उत्तर कक्षात लिहितो. येथेही पोचेचा नियम आहे: निरोप मिळाल्याचे तीन सेकंदांत कळविले नाही, तर स्लॅक तो पुन्हा धाडते. यंत्रास विचारास अधिक वेळ लागतो. म्हणून आधी पोच देऊन मग उत्तर तयार केले नाही, तर एका प्रश्नास दोन-तीन उत्तरे येऊन पडतात. शंभर वर्षांपूर्वीच्या तारमास्तराने हा दोष तत्काळ ओळखला असता.

पोचेची अट अशी शाबूत राहिली. बाकीच्या दोन मात्र ढिल्या पडल्या आहेत. रेल्वेचा गोळा प्रवास संपताच यंत्रात परत जाई; स्लॅकच्या बॉटचे टोकन, मुद्दाम तशी तजवीज केली नाही तर, रद्द करीपर्यंत चालतच राहते. एका कामासाठी कक्षात बसविलेला सहायक काम संपल्यावरही तेथील बोलणे वाचावयास मोकळा राहतो. दुसरे असे की, त्याच्यापुढे आलेला मजकूर मालकाचा की परक्याचा, हे त्यास खात्रीने ओळखता येत नाही. बाहेरून आलेल्या पत्रात कोणी लबाडाने हुकूम दडवून ठेविला, तर तो हुकूम पाळला जाण्याचे भय असते. त्याच्यापाशी प्रायव्हेट नंबर नाही.

शिवाय ओघवत्या वाणीचा मोह आहेच. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका प्रसिद्ध आहे: पत्र लिहावयाचे राहून गेले असता त्यांनी कोऱ्या कागदावरून ते महाराजांस धडाधड वाचून दाखविले. भाषेचे यंत्रही कित्येकदा कोऱ्या कागदावरूनच वाचते, आणि तितक्याच अस्खलितपणे. भेद इतकाच की, चिटणीसांस धन्याचे मनोगत ठाऊक होते व आपल्या शब्दाचा जाब आपणांसच द्यावा लागेल हेही ठाऊक होते. यंत्रास जाब विचारता येत नाही.

आज शहापूर तालुक्यात मुंबई–नाशिक महामार्गालगत कारखाने व वखारी उभ्या राहिल्या आहेत, आणि आटगावाहून कसारा लोकलने कितीतरी माणसे कामास जातात. अशा एखाद्या वखारीच्या कचेरीत उद्या सहायक जोडला गेला आणि त्याने ‘माल रवाना झाला’ असे चुकीचे लिहिले, तर पगार कोणाचा कापला जाईल? बहुधा त्या कारकुनाचा, ज्याने ते वाक्य लिहिलेच नव्हते. खरा प्रश्न हाच होय. यंत्राने श्रम वाचत असतील तर ते अवश्य वाचवावे. तारेस विरोध करून कोणी सुखी झाले नाही. परंतु जोडणी करणाराने तीन गोष्टी आधी कागदावर लिहून सर्वांस दाखवाव्या: सहायक कोणते बोलणे वाचतो, त्याचा अधिकार कोणत्या दिवशी संपतो, आणि त्याच्या उत्तरावर सही कोणाची. त्याने वाचविलेला वेळ नोकराच्या विश्रांतीत जमा होतो की नव्या कामात खर्ची पडतो, हेही पुसण्याचा हक्क नोकरास असावा. १८९९ च्या सिग्नलरांची मागणी मुळात ह्याहून फार वेगळी नव्हती.

लाइन क्लिअर देणारा हात ओळखीचा होता, म्हणून आगगाडीवर लोकांचा विश्वास बसला. नव्या सहायकावर तो बसावयाचा असेल, तर त्याच्यामागचा हातही दिसला पाहिजे.